अडलेल्या जागी बसता येतं का?

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



जून महिन्यातली गोष्ट. आमच्याच सोसायटीत राहणारे एक गृहस्थ संध्याकाळी घरी आले. बरोबर त्यांची बारावी झालेली मुलगी होती. चहा झाला, पावसाच्या चार गोष्टी झाल्या आणि मग त्यांनी मुद्द्याला हात घातला. म्हणाले, "सर, हिला इंजिनिअरिंगला जायचं नाही. थिअरॉटिकल फिजिक्स करायचं म्हणते. तुमचा जन्म त्या विषयात गेला. तुम्हीच एकदा हिची परीक्षा घ्या आणि सांगून टाका, हिला झेपेल का? तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही विषय तिथंच संपवू."

मी उत्तर दिलं नाही. "रविवारी या," असं म्हणून वेळ मारून नेली.

त्याला कारण होतं. हाच प्रश्न मला १९९३ साली एका बापानं विचारला होता. तेव्हा मी पाच मिनिटांत उत्तर दिलं होतं आणि ते चुकलं होतं. त्या चुकीबद्दल, आणि या विषयात पुढं जायला माणसाजवळ काय असावं लागतं याबद्दल, आज मी बोलणार आहे.

सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ करतो काय, ते आधी थोडक्यात सांगतो. भौतिकशास्त्रात काही माणसं प्रयोग करतात. ती उपकरणं बांधतात, मोजमापं घेतात. दुसरी काही माणसं कागद, पेन्सिल, फळा आणि आता संगणक घेऊन बसतात. निसर्ग असा का वागतो, हे गणिताच्या भाषेत मांडायचं आणि त्या मांडणीवरून पुढं काय दिसायला हवं ते आधीच सांगायचं, हे या दुसऱ्या मंडळींचं काम. प्रयोगानं 'नाही' म्हटलं की मांडणी कितीही देखणी असली तरी ती बाजूला ठेवावी लागते. आणि प्रयोग 'हो' म्हणेपर्यंत कधी कधी आयुष्य सरतं. पीटर हिग्ज यांनी ज्या कणाबद्दल १९६४ साली लिहिलं, तो २०१२ साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत सापडला. मध्ये अठ्ठेचाळीस वर्षं गेली.

आता १९९३ सालाकडे येतो. मी तेव्हा एका जिल्ह्याच्या गावी कॉलेजात शिकवत होतो. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला एक मुलगा होता. खेड्यातून एस.टी.नं यायचा. हुशार मुलांत त्याची गणती नव्हती. मी फळ्यावर गणित घातलं की पहिल्या बाकावरची मुलं उत्तर ओरडायची, तेव्हा हा अजून प्रश्न उतरवून घेत असायचा.

एकदा मी खाली पडणाऱ्या दगडाचं समीकरण लिहिलं. डाव्या बाजूला वस्तुमान गुणिले त्वरण, उजव्या बाजूला वस्तुमान गुणिले गुरुत्वाचा 'जी'. दोन्हीकडचे 'एम' खडूनं कापले आणि म्हटलं, "बघा, जड दगड आणि हलका दगड सारखेच पडतात." या मुलानं हात वर केला. "सर, डावीकडचा एम म्हणजे दगड हलवायला किती कठीण जातं ते. उजवीकडचा एम म्हणजे पृथ्वी त्याला किती ओढते ते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मग कापायच्या कशा?"

मी म्हटलं, "प्रयोगानं त्या सारख्या ठरल्या आहेत. कापा आणि पुढं चला."

तीन आठवड्यांनी तो स्टाफरूमच्या दारात उभा. "सर, सारखे आहेत हे कळलं. पण का?" मी तपासत असलेल्या पेपरांवरून मान वर न करता सांगितलं, "हे परीक्षेला येत नाही."

वर्ष संपताना तो वडिलांना घेऊन आला. त्याला एम.एस्सी. आणि मग पुढं संशोधन करायचं होतं. वडील म्हणाले, "सर, आम्हाला यातलं काय कळत नाही. तुम्ही सांगाल तसं करू." मी सांगितलं, "या विषयाला डोकं चपळ लागतं. याला बी.एड. करू द्या. चांगला मास्तर होईल." वडिलांनी हात जोडले. दोघं निघून गेले. मी पुन्हा पेपर तपासायला लागलो.

आता त्या मुलाच्या प्रश्नाची किंमत सांगतो. १९०७ साली बर्नच्या पेटंट ऑफिसात काम करणारे आल्बर्ट आइनस्टाइन याच गोष्टीपाशी थबकले होते. सगळ्या वस्तू सारख्याच पडतात याचा अर्थ, छपरावरून पडणाऱ्या माणसाला पडत असताना स्वतःचं वजन जाणवणार नाही. पुढं त्यांनी याला आपल्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा विचार म्हटलं. विचार एका क्षणात सुचला. त्याचं समीकरण व्हायला मात्र आठ वर्षं लागली.

ही आठ वर्षं कशी गेली ते बघण्यासारखं आहे. आइनस्टाइन यांच्या लक्षात आलं की आपल्याला लागणारं गणित आपल्याला येत नाही. १९१२ साली ते झुरिकला परतले आणि कॉलेजपासूनचा मित्र मार्सेल ग्रोसमान याच्याकडे मदत मागितली. तेहतीस वर्षांचा, नाव झालेला प्राध्यापक नव्यानं वक्र अवकाशाची भूमिती शिकायला बसला. त्या काळातल्या त्यांच्या वहीत बरोबर उत्तराच्या अगदी जवळ जाणारी समीकरणं आहेत. ती त्यांनी लिहिली आणि चुकीची समजून सोडून दिली. १९१३ साली दोघांनी जो सिद्धांत छापला, तो चुकीचा होता.

तो पडताळायला एक सोय होती. बुधाची कक्षा हळूहळू स्वतःच वळत जाते. इतर ग्रहांच्या ओढीचा हिशेब वजा केला तरी शतकाला सुमारे ४३ विकला एवढं वळण शिल्लक राहतं. एक विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग. आइनस्टाइन आणि त्यांचे मित्र मिशेल बेसो यांनी नव्या सिद्धांतावरून हिशेब केला. उत्तर आलं १८. पाहिजे होते ४३. तरी त्या सिद्धांताला ते आणखी दोन वर्षं धरून राहिले. शेवटी त्यातल्या चुका त्यांच्याच हाताला लागल्या, त्यांनी तो सोडला, आणि १९१५ च्या नोव्हेंबरात लागोपाठ चार निबंध बर्लिनच्या अकादमीपुढं मांडले. या वेळी बुधाचं उत्तर ४३ आलं.

ही कथा मी दर वर्षी वर्गात रंगवून सांगत असे. आणि तोच प्रश्न माझ्या वर्गातल्या मागच्या बाकावरून आला तेव्हा मला तो ओळखू आला नाही.

तर श्रोतेहो, पहिला गुण हा. अडलेल्या जागी बसता आलं पाहिजे. शाळेत आपण मुलांना उलटं शिकवतो. आलं नाही तर सोडून दे, पुढचा प्रश्न घे, तीन तासांत जास्तीत जास्त गुण मिळव. परीक्षेपुरतं ते योग्यच आहे. संशोधनात मात्र पुढचा प्रश्न नसतो. एकच असतो, त्याला तीन महिने लागतील की तीन वर्षं हे कुणी सांगू शकत नाही, आणि मागच्या पानावर उत्तर छापलेलं नसतं. त्या काळात मन उदास होतं, आपण मठ्ठ आहोत असं वाटतं. असं वाटत असतानाही सकाळी उठून पुन्हा तीच वही उघडता येणं, ही कमावण्याची गोष्ट आहे.

ती घरातही कमावता येते. २०२५ साली आपल्याला सोडून गेलेले डॉ. जयंत नारळीकर यांनी आपल्या बनारसच्या बालपणाबद्दल लिहिलं आहे. त्यांचे मोरूमामा, मोरेश्वर हुजूरबाजार, शिकायला त्यांच्या घरी राहत असत. घरातल्या भिंतीवर फळा होता. मामा त्यावर भाच्यासाठी आव्हान म्हणून एखादं गणित लिहून ठेवत. ते सुटेपर्यंत, किंवा भाच्यानं हार मानेपर्यंत, तसंच राहायचं. मला यातला फळा महत्त्वाचा वाटतो. येता-जाता, जेवायला बसताना गणित दिसत राहणार. कुणी रागावणार नाही, कुणी घड्याळ लावणार नाही. न सुटलेल्या प्रश्नाच्या सहवासात राहायची सवय त्या फळ्यानं लावली.

दुसरी गोष्ट रियाजाची. गाणं आवडणं वेगळं आणि गाता येणं वेगळं. कृष्णविवरं, विश्वाची उत्पत्ती यांच्यावरची पुस्तकं वाचून अनेक मुलं या विषयाकडे येतात. मीही तसाच आलो. पण त्या पुस्तकांतून गणित काढून टाकलेलं असतं, आणि हा विषय तर गणितातच राहतो. कॅल्क्युलस, विकलक समीकरणं, सदिश, मॅट्रिक्स, संमिश्र संख्या हे सगळं बोटांत बसावं लागतं. मग यामिकी, विद्युतचुंबकत्व, उष्णता, क्वांटम आणि सापेक्षता, या क्रमानं. यातली पायरी गाळून वर उडी मारता येत नाही.

रशियाचे लेव लांदाऊ यांनी आपल्याकडे येऊ पाहणाऱ्या मुलांसाठी परीक्षांची एक मालिकाच ठेवली होती. सुरुवात गणितापासून. तिला 'सैद्धांतिक किमान' असं म्हणत. म्हणजे एवढं तर यायलाच हवं! १९३४ ते १९६१ या काळात ती मालिका पार करणाऱ्यांची यादी लांदाऊंनी ठेवली होती. त्यात ४३ नावं आहेत. इतकी कडक चाळणी प्रत्येकानं लावावी असं मी म्हणणार नाही. पण त्यातलं तत्त्व खरं आहे. सोडवलेलं उदाहरण वाचून 'समजलं' असं वाटणं फसवं असतं. पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या आणि पहिल्या ओळीपासून स्वतः करून बघा. जिथं हात थांबेल, तिथं तुम्हाला कळलेलं नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे अंदाज आणि पडताळा. आता रेडिओ ऐकत तुम्ही ज्या खोलीत बसला आहात, त्या खोलीतल्या हवेचं वजन किती असेल? पुष्कळ जण म्हणतील, हवेला कसलं वजन! बरं, खोली दहा फूट लांब, दहा रुंद, दहा उंच धरू. म्हणजे साधारण अठ्ठावीस घनमीटर. एक घनमीटर हवा सव्वा किलोच्या आसपास. गुणाकार केला तर चौतीस-पस्तीस किलो. गव्हाच्या अर्ध्या पोत्याहून जास्तच. असा हिशेब मनातल्या मनात करण्याची सवय असलेला माणूस लांबलचक गणिताच्या शेवटी आलेल्या वेड्यावाकड्या उत्तराला फसत नाही.

आणि पडताळा म्हणजे उत्तर टोकाला नेऊन बघणं. उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याचं त्वरण काढलंत. साइन लिहायचा की कोसाइन, अशी शंका आली. उतार पूर्ण सपाट करा, ठोकळा हलता कामा नये. उतार सरळ उभा करा, ठोकळा नुसता पडायला हवा. साइन दोन्ही ठिकाणी बरोबर बोलतो, कोसाइन दोन्ही ठिकाणी उलटं बोलतो. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

हे अर्ध्या मिनिटाचं काम न केल्यानं माझं काय झालं ते सांगतो. पीएच.डी. करत असताना मी एक गणित दीड वर्ष करत होतो. हातानं लिहिलेली साठेक पानं झाली होती. उत्तर सुंदर आलं. मी सेमिनार दिला, लोकांनी पाठ थोपटली, माझ्या गाईडनी परदेशातल्या दोघा-तिघांना पत्रं लिहिली. त्या रात्री आनंदात झोप येईना, म्हणून सहज पडताळा घेतला. गुरुत्व अगदी क्षीण केलं तर माझं सूत्र न्यूटनच्या सूत्रासारखं दिसायला हवं होतं. ते दिसेना. पहाटेपर्यंत शोधत बसलो. तेविसाव्या पानावर एका ठिकाणी उणेचं अधिक झालं होतं.

मी तीन दिवस गप्प राहिलो. मनात काय काय आलं ते आज सांगायलाही लाज वाटते. कुणाच्या लक्षात येणार आहे, असंही एकदा येऊन गेलं. चौथ्या दिवशी गाईडच्या खोलीत गेलो आणि सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि एवढंच विचारलं, "कुठलं पान?" मग आम्ही दोघं तेविसाव्या पानापासून पुन्हा सुरू झालो. रागावणं नाही, उपदेश नाही. त्या परदेशी मंडळींना त्यांनीच दुसरं पत्र लिहिलं. सुधारलेलं उत्तर आधीच्याइतकं सुंदर नव्हतं, पण ते खरं होतं. स्वतःची चूक स्वतः शोधण्याची आणि सांगण्याची सवय हा मी या विषयातला चौथा गुण मानतो. तो मी त्या दोन शब्दांतून शिकलो.

आता याच्या उलट दिसणारा एक गुण सांगतो. सगळे पडताळे घेऊन झाले, हिशेब बरोबर आहे, आणि तरी उत्तर कुणालाच पटत नाही. तेव्हा काय करायचं?

१९३० सालच्या जुलैअखेर सुब्रह्मण्यन चंद्रशेखर नावाचा एकोणीस वर्षांचा मद्रासचा तरुण मुंबई बंदरातून इंग्लंडला निघाला. बोटीवर वेळ भरपूर होता. श्वेतबटू नावाचे लहान, अतिशय दाट तारे असतात. त्यांच्या रचनेचा तेव्हाचा सिद्धांत त्याच्याजवळ होता. त्याला वाटलं, एवढ्या दाटीत इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ जाईल, म्हणजे सापेक्षता सिद्धांत लावायला हवा. तो लावल्यावर निष्कर्ष विचित्र आला. एका ठरावीक वस्तुमानापलीकडचा तारा श्वेतबटू होऊन स्थिर राहूच शकत नाही. आज ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट मानतात. मग त्याहून जड ताऱ्याचं होतं काय? तो कोसळत राहतो? १९३५ च्या जानेवारीत लंडनच्या सभेत आर्थर एडिंग्टन यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञानं या निष्कर्षाची भर सभेत खिल्ली उडवली. ताऱ्याला असं वागू न देणारा एखादा नियम निसर्गात असलाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पाउलींसारखे जाणकार खासगीत चंद्रशेखरांचं बरोबर आहे असं म्हणत होते, पण उघडपणे कुणी पुढं आलं नाही.

चंद्रशेखरांनी गणित बदललं नाही आणि भांडणातही जन्म घालवला नाही. १९३९ साली त्या विषयावर सविस्तर ग्रंथ लिहिला आणि दुसऱ्या विषयाकडे वळले. एडिंग्टन यांच्याशी स्नेहही राखला. नोबेल पारितोषिक मिळालं १९८३ साली. पालक विचारतात, हट्टीपणा आणि ठामपणा यांत फरक काय? माझं उत्तर असं. ज्यानं स्वतःच्या हिशेबावर इतरांपेक्षा जास्त वेळा संशय घेऊन बघितला आहे, त्यानंच ठाम राहावं.

परिस्थितीबद्दलही बोललं पाहिजे, कारण सगळ्यांना केंब्रिज मिळत नाही. कोलकात्याचे अमलकुमार रायचौधुरी नोकरी करत होते, तिथं त्यांना नेमून दिलेलं काम वेगळंच होतं. सापेक्षतेचा अभ्यास त्यांनी जवळजवळ एकट्यानं केला. १९५५ साली त्यांचं समीकरण प्रसिद्ध झालं. पुढं रॉजर पेनरोज आणि स्टीफन हॉकिंग यांनी विश्व आणि कृष्णविवरं यांच्याबद्दल जी प्रमेयं मांडली, त्यांत या समीकरणाचा मोठा आधार आहे. पेनरोज यांना २०२० साली नोबेल मिळालं. रायचौधुरी २००५ सालीच गेले होते.

मात्र एकट्यानं करावं लागणं हे भूषण समजू नये. चूक दाखवणारा एक मित्र फार मोलाचा असतो. आइनस्टाइनना ग्रोसमान होता, बेसो होता. इंग्रजीत स्वच्छ लिहिता-बोलता यावं आणि संगणकाला हिशेब सांगता यावा, हेही आता गरजेचं आहे. आणि पोटापाण्याचं खरं सांगायचं तर वाट लांब आहे. एम.एस्सी.नंतर पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं, मग दोन-दोन, तीन-तीन वर्षांच्या तात्पुरत्या जागा, कायमची नोकरी मिळाली तर तिशीच्या मध्यावर. जागा थोड्या, उमेदवार पुष्कळ. अनेक जण वाटेत संगणक, हवामान, बँका अशा क्षेत्रांकडे वळतात आणि तिथं उत्तम काम करतात. ही वाट धरताना हे डोळे उघडे ठेवून समजून घ्यावं. वळावं लागलं तर ते अपयश मानू नये.

माझा तो विद्यार्थी मला २०११ साली पुन्हा भेटला. तालुक्याच्या गावी शिक्षकांचं प्रशिक्षण होतं आणि मी व्याख्यानाला गेलो होतो. चहाच्या वेळी एक शिक्षक जवळ आले, वाकून नमस्कार केला. मी ओळखलं नाही. ते म्हणाले, "सर, ते दोन एम." मग ओळखलं.

त्यांनी मधल्या काळात जुन्या बाजारातून सापेक्षतेचं एक पाठ्यपुस्तक मिळवलं होतं. एकट्यानं, शाळा सांभाळून, सात वर्षांत वाचलं होतं. म्हणाले, "सर, आइनस्टाइननं काय केलं ते समजलं. पण दोन्ही एम सारखे का, याचं उत्तर त्यानं दिलं, की ते सारखे आहेत हाच पाया धरून वर इमारत बांधली?"

श्रोतेहो, हा प्रश्न जाणकारांचा आहे. आजही उपग्रह सोडून ते दोन एम तपासले जातात. २०२२ साली अशा एका उपग्रहाचे अंतिम निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकावर पंधरा शून्यं दिली तर जी संख्या होते, तितक्या भागांत एका भागाच्या सूक्ष्मतेपर्यंत त्यांत फरक सापडला नाही. 'का' मात्र शिल्लक आहे.

मी त्यांची माफी मागितली. ते संकोचले. म्हणाले, "मास्तर झालो याचं वाईट नाही वाटत, सर. पोरांना शिकवायला मला आवडतं. फक्त त्या दिवशी तुम्ही 'नाही' म्हणायच्या आधी मला एखादं गणित घालून बघायला पाहिजे होतं."

म्हणून जूनमधल्या त्या रविवारी शेजारची मुलगी आली, तेव्हा मी तिची परीक्षा घेतली नाही. एक प्रश्न दिला. पृथ्वीवर एव्हरेस्टच्या दुप्पट-तिप्पट उंच पर्वत का नाही? वेळेची मर्यादा नाही, काय हवं ते वाच.

चार दिवसांनी ती उत्तर घेऊन आली. पर्वत फार उंच झाला तर त्याच्या वजनानं तळाचा खडक वितळेल, असा हिशेब करून तिनं चाळीस किलोमीटर काढले होते. मी फक्त "बरं" म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभी. "काका, ते चुकलं. वितळायच्या आधी खडक चुरडेल ना!" मग ग्रॅनाइट किती दाब सोसतो ते शोधून तिनं पुन्हा हिशेब केला. सरळ उभ्या खांबासाठी साडेसात किलोमीटरच्या आसपास आले. पर्वत पायथ्याशी रुंद असतो, म्हणून थोडी सूट. एव्हरेस्ट पावणेनऊच्या वर आहे, म्हणजे मेळ बसतो. मी न सांगता तिनं मंगळावर पडताळा घेतला. तिथं गुरुत्व आपल्या सुमारे ३८ टक्के, म्हणून पर्वत तेवढ्या प्रमाणात उंच हवा. ऑलिंपस मॉन्स हा तिथला ज्वालामुखी बावीस किलोमीटरच्या आसपास आहे. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मग तीच म्हणाली, "पण काका, चंद्रावर गुरुत्व आपल्या सहावा हिस्सा. तिथं चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचे पर्वत पाहिजेत. तसे तर नाहीत."

मी उत्तर सांगितलं नाही.

परवा तिचे वडील जिन्यात भेटले. थोडे काळजीत होते. म्हणाले, "सर, महिना झाला, ती अजून चंद्रावरच अडली आहे. रोज रात्री वही घेऊन बसते. हिला झेपेल का हो?"

मी म्हटलं, "ते मला सांगता येणार नाही. पण तिला विज्ञानाला जाऊ द्या. आणि घरात भिंतीवर एक फळा लावून द्या."